‘यात काही घडतच नाही!’

मी मॅट्रिकपुढे न गेलेला शाळामास्तर. संगीतावर लेखणी चालवण्याचा माझा अधिकार तो काय? परंतु ‘यात काही घडतच नाही’ हा शेरा माझ्या कादंबऱ्यांनी पुष्कळदा सोसला आहे. तोच शेरा परवा एका जपानी संगीतकाराच्या वाट्याला आला, तेव्हा मला राहवेना.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला हिरोशी योशिमुरा यांची ‘म्युझिक फॉर नाइन पोस्टकार्ड्स’ ही १९८२ सालची ध्वनिमुद्रिका ऐकवली. नऊ लहान रचना. विजेच्या पियानोवर चारदोन सूर येतात, थांबतात, किंचित बदलून पुन्हा येतात. तोक्योच्या हारा संग्रहालयात त्या प्रेक्षकांना ऐकवल्या जात. मी उत्तरपत्रिका तपासत होतो. थोड्या वेळाने ध्यानात आले, की त्या सुरांच्या मधल्या जागेत परसातल्या नळाचे ठिबकणे मला ऐकू येते आहे. वीस वर्षे त्या घरात राहून ते मी कधी ऐकले नव्हते!

शिक्षकांच्या खोलीत हे सांगताच टर उडाली. एक गुरुजी म्हणाले, “हे तर झोपेचे औषध!” दुसरे म्हणाले, “दुकानात वाजवायचा माल!”

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. ते मी लपवत नाही. या प्रकाराला जपानीत ‘कांक्यो ओंगाकु’, म्हणजे परिसर-संगीत, म्हणतात आणि १९८०च्या दशकात त्याला तिथल्या कंपन्यांचा पैसा मिळाला. योशिमुरांची १९८६ सालची ‘सराउंड’ घरे बांधणाऱ्या मिसावा कंपनीसाठी झाली. हारुओमी होसोनो यांनी मुजीच्या दुकानांसाठी सूर रचले. पण आमच्या देवळांतला चौघडा तरी कशावर वाजत होता? इनामांवरच ना! पैसा कोणाचा, हे कारकुनाने पाहावे; कानांना काय मिळाले, ते रसिकाने.

राहिले झोपेचे औषध. मैफलीपूर्वी तंबोरा जुळतो तेव्हा तरी काय घडते? चार तारा झंकारतात आणि सारी सभा गप्प होते. ज्यांच्या गाण्याचा पायाच तो, त्यांनी जपान्यांना हसावे?

माझे भांडण याहून मोठे आहे. सतत काही घडायला हवे, अशी सवय लागलेल्या कानांना हळू बोलणारा माणूस ऐकू येत नाही. माझ्या वर्गात मागल्या बाकावर असे एक पोर बसत असे. त्याच्यापाशी सांगण्याजोगे काही नाही, असे मानून मी वर्षभर पुढे जात राहिलो. तो दोष माझ्या कानांचा होता.

योशिमुरा २००३ साली वारले. त्यांची ती ध्वनिमुद्रिका जगभर पोचली, ती २०१७ साली पुन्हा निघाल्यावर. हळू बोलणाऱ्याला असाच उशीर होतो.

तेव्हा वाचकहो, लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके थांबले, की फराळाची ताटे बाजूला सारा आणि घटकाभर गप्प बसा. घरात कोण हळू बोलते आहे, ते ऐका. काही घडत नाही, असे मग खुशाल म्हणा!