कुंभार्लीपलीकडे

डिसेंबरातल्या एका रविवारी फज्रची नमाज पढून आम्ही स्कूटर बाहेर काढली, तेव्हा कऱ्हाडात पुरतं उजाडलंही नव्हतं. चिपळूणला जायचं, अम्माला भेटायचं आणि रात्री घरी परत यायचं. जाऊन-येऊन सुमारे दोनशे किलोमीटर, मध्ये कुंभार्ली घाट दोनदा. या पानावर आम्ही एकटेच असलो तरी 'आम्ही' म्हणतो, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. या खेपेला मात्र खरोखर दोघं होतो. गाडी आमच्या हातात आणि मागे आमचे हे, कारण त्यांच्या उजव्या मनगटाचं प्लास्टर निघून तीनच आठवडे झाले होते.

"एस.टी.नं जावा की," सासूबाई म्हणाल्या. त्यांचंही खरं होतं. पण सकाळची गाडी धरायची, अम्माजवळ दोन घटका बसायचं आणि परतीची गाडी मिळेल की नाही या धाकात घास गिळायचे, हे आम्ही अनेकदा केलं आहे. पुढच्या महिन्यात भाऊ अम्माला मुंब्र्याला घेऊन जाणार. घराला कुलूप लागणार. त्याआधी एक अख्खी दुपार तिथं काढायची होती, घड्याळ न बघता. (घड्याळ बघावंच लागलं, ते पुढे येईल.)

नऊ वर्षं आम्ही स्कूटर चालवतो, पण ती घर ते शाळा आणि शाळा ते घर. घाटात कधी घातली नव्हती. आदल्या रात्री टाकी भरून घेतली, हवा तपासली, ब्रेक मात्र 'लागतात की' म्हणून सोडून दिले. कपड्यांची काळजी घेतली होती. भगिनींनो, स्कूटरवर लांब जायचं तर बुरख्याचा घेर आणि ओढणीची टोकं आधी आवरा. चाकात ओढणी अडकून अपघात झाल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि विसरतो. आम्ही कमी घेराचा बुरखा घातला, वर स्वेटर, ओढणी आत खोचून पिन लावली, त्यावर हेल्मेट. सवारीची दुआ पढलो आणि निघालो.

मल्हारपेठेपर्यंत उसाच्या ट्रॉल्या. मागे ना दिवा ना लाल कापड, धुक्यातून एकदम ऊसच समोर यायचा. ह्यांचं मागून "हल्लू, हल्लू" चाललेलं. आमच्या सासरी घरात दखनी बोलतात, माहेरी कोकणी, आणि आम्ही दोघं रागावलो की शुद्ध मराठीत बोलतो. पाटणला चहा घेतला. वर वणकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्यांवर ऊन आलं होतं, आम्ही मात्र अजून सावलीत कुडकुडत होतो.

चहा पिताना एक जुना सवाल मनात आला. निकाहनंतरच्या पहिल्या वर्षी आम्ही माहेरी जायला निघालो, तेव्हा सासरच्या मोहल्ल्यातल्या मौलानांकडून निरोप आला होता की माहेरी नमाज कसर करायची. हनफी मसलकात घरापासून सुमारे ७७-७८ किलोमीटरच्या पुढे गेलं आणि मुक्काम पंधरा दिवसांहून कमी असला, तर माणूस मुसाफिर. जुहर, असर आणि इशाचे चार फर्ज त्याला दोन होतात. फज्रचे दोन आणि मगरिबचे तीन तसेच राहतात. लग्न होऊन कायमची सासरी गेलेली मुलगी चार दिवसांसाठी माहेरी आली आणि अंतर तेवढं असलं, तर तीही मुसाफिरच. मसला अगदी बरोबर आहे, त्यात आमची काही तक्रार नाही. पण ज्या ओट्यावर आम्ही पहिल्यांदा नमाज शिकलो, त्याच ओट्यावर दोन रकात पढून सलाम फेरताना घशाशी काहीतरी आलं होतं. अम्माला त्या वेळी काही बोललो नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की निकाहानं मसलक बदलत नाही. आम्ही कोकणातले, शाफई. शाफई मसलकात कसर ही सवलत आहे. घेतली तरी चालते, न घेता पूर्ण चार पढल्या तरी नमाज होते. हनफींकडे मात्र मुसाफिरानं कसर करणं वाजिब. तरी सवय म्हणा, भीड म्हणा, आम्ही माहेरी दोनच पढत आलो. ह्यांना मागे वळून सांगितलं, "आज काय करावं?" हे म्हणाले, "अल्लाहनं सवलत दिली आहे तर घ्यावी. आणि पुढं बघा, म्हैस आहे."

कोयनानगरला थांबलो नाही, पण ते नाव दिसलं की अम्माची गोष्ट आठवतेच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी इथं भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगर तर जमीनदोस्त झालं. अम्मा तेव्हा चौदा वर्षांची, घाटाच्या पायथ्याला तिच्या वडिलांच्या घरी. ती नेहमी सांगते, "रमजान होता, सहेरीच्या भाकऱ्या थापत होतो." लहानपणी आम्हाला वाटायचं, अम्मा गोष्टीत मीठमसाला घालते. मोठेपणी तारीख हिजरीत मोजून पाहिली. १३८७ च्या रमजानचा आठवा-नववा रोजा निघाला. म्हणजे त्या पहाटे या डोंगराच्या दोन्ही अंगांना मुसलमानांच्या घरांतल्या बाया जाग्या होत्या, चुलीपुढे होत्या. अम्माच्या आईनं बाहेर पळण्याआधी पाण्याचा हंडा चुलीवर ओतला, घर पेटू नये म्हणून. मग उरलेल्या भाकऱ्या सगळ्यांनी अंगणात बसून खाल्ल्या आणि रोजा धरला. अम्माला त्या भूकंपातलं सगळ्यात जास्त आठवतं ते हे, की पीठ हातावर वाळलं होतं आणि धुवायला पाणी नव्हतं.

कोयना मुळात पूर्वेला वाहणारी. कऱ्हाडात येऊन कृष्णेला मिळणारी. पण धरणात अडवलेलं तिचं बरंच पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे नेलं, भूमिगत वीजघरात त्यावर वीज केली आणि ते वाशिष्ठीत सोडलं. चौथीच्या मुलांना हे शिकवताना आम्ही फळ्यावर दोन बाण काढतो. एक मूल दरवर्षी विचारतं, "मग पाणी परत कसं येतं?" येत नाही.

घाटमाथ्यावर कोकण खाली पसरलेलं दिसलं आणि आम्ही उतारावर लागलो. इथं आमची चूक झाली. गिअरच्या मोटारसायकलला उतारावर खालचा गिअर टाकता येतो, इंजिनच तिला धरून ठेवतं. आपल्या स्कूटरला ती सोय नाही. ॲक्सिलरेटर सोडून वेग कमी झाला की आतला क्लच आपोआप सुटतो आणि गाडी नुसती घरंगळते. सगळा भार ब्रेकवर. आम्ही भीतीपोटी डावा ब्रेक दाबला तो दाबूनच ठेवला. पाच-सहा वळणं झाली असतील. रबर जळल्यासारखा वास आला. वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. मग एका वळणावर ब्रेक दाबला तर तो हँडलपर्यंत आला आणि गाडी काही थांबेना. खालून एस.टी. हॉर्न देत वर येत होती. मागून "हल्लू" बंद झालं होतं, हे मोठ्यानं कलमा पढत होते. आम्ही दोन्ही ब्रेक होते नव्हते तेवढे जोर लावून दाबले आणि गाडी डाव्या हाताच्या खडीत घातली. खडीनं धरली. पडलो नाही, एवढंच.

पाय थरथरत होते. हे बाटली घेऊन चाकावर पाणी ओतायला निघाले, तेवढ्यात मागून आलेला भाजीचा टेम्पो थांबला. "पाणी नका घालू, काका. तापलेलं लोखंड आहे, तडकंल. आपलं आपण गार होऊ द्या." पोरगा पंचविशीचा असेल, कपाळाला गंध. आमच्याकडे वळून म्हणाला, "ताई, ब्रेक धरून बसायचं नाही. वळणाच्या आधी दोन्ही एकदम दाबायचे, वेग तोडायचा, सोडायचे. परत दाबायचे. मध्ये वारा लागला पाहिजे त्याला. आन् पेट्रोल वाचवायला गाडी बंद करून उतरायची नाही." अर्धा तास तो आमच्यासोबत थांबला. भाजी उन्हात होती तरी. मग म्हणाला, "मी पुढं हळू जातो, माझ्या मागं मागं या." घाट उतरेपर्यंत त्यानं आम्हाला असं हाताला धरून नेलं. बहादूरशेख नाक्यावर हॉर्न वाजवून बाजाराकडे वळला. नाव विचारायचं राहिलं. सासूबाईंनी दिलेले तिळाचे लाडू तेवढे घाटातच त्याच्या हातावर ठेवले होते.

अम्मा दारातच होती. "एवढा उशीर गो बाय?" ब्रेकचं काही सांगितलं नाही. घरात जिकडेतिकडे गाठोडी. भिंतीवर २२ जुलै २०२१ च्या पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते, आमच्या छातीच्या वर. भावानं दोनदा रंग देऊ केला, अम्मानं देऊ दिला नाही. मुंब्र्याला नेण्यासाठी तिनं एकच ट्रंक भरली आहे आणि त्यात तांब्याचा हंडा बसत नाही, म्हणून तीन दिवस ती रोज ट्रंक उपसते आणि भरते. तो हंडा चुलीवर ओतलेलाच का, हे विचारलं. "तोच," म्हणाली आणि परत उपसायला बसली.

जुहरला ओट्यावर दोन मुसल्ले अंथरले, ह्यांचा पुढे, आमचा मागे. हे दोन रकात पढून सलाम फेरून तसबीह घेऊन बसले. आम्ही नीयत बांधेपर्यंत ठरवलं नव्हतं. बांधताना चारांची बांधली. अम्मा खांबाला टेकून, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर पढायच्या तयारीत बसून आमच्याकडे बघत होती. आमचं झाल्यावर म्हणाली, "जावयाची दोन, तुझी चार?"

"हो."

"मग तू काय पाहुणी नाहीस. जेवण झालं की भांडी घास."

तांदळाच्या भाकऱ्या, सुरमईचं कालवण आणि सांदणं होती. भांडी आम्ही घासली. हे ओट्यावर झोपले.

घड्याळाचा घोळ पुढे झाला. डिसेंबरात तिकडे शाफई असर पावणेचारच्या सुमाराला लागते, हनफी असर साडेचारला. आम्ही पावणेचारला पढून हेल्मेट हातात घेऊन तयार. हे म्हणाले, आमची वेळ अजून झाली नाही. थांबलो असतो तर घाट अंधारात चढावा लागला असता आणि सकाळचा वास अजून नाकात होता. एकाच घरात दोन मसलक असले की संसार दोन घड्याळांवर चालतो, आणि दोन्ही बरोबर असतात. शेवटी सव्वाचारला निघालो आणि घाटाच्या पायथ्याशी एका गावातल्या मशिदीत हे असर पढले. आम्ही बाहेर स्कूटर धरून उभे. मशिदीतल्या वृद्धांनी ह्यांना वेगळ्या वेळेला एकटंच पढताना पाहिलं आणि काही न विचारता पंखा लावून दिला.

चढ सोपा गेला. दोन माणसं, वर अम्मानं दिलेली आमसुलं, सुकट आणि एक फणसाची पोळी, गाडी पंचविसाच्या वर जाईना, पण घाई कुणाला होती? सहा वाजता घाटमाथ्यावर पोचलो आणि सूर्य कोकणात बुडला. गवतावर शाल अंथरून मगरिब पढलो. तिथं दोघांचेही फर्ज तीनच.

निघताना अम्मानं एक किल्ली दिली होती. एक भावाकडे, एक शेजाऱ्यांकडे, तिसरी आम्हाला. "पावसाआधी येऊन कौलं बघून जा. पन्हळीत पानं साचतात," एवढंच बोलली.

रात्री पावणेनऊला कऱ्हाडात शिरलो. इशा घरी पढलो. सोमवारी शाळा सुटल्यावर गाडी गॅरेजला नेली. कारागिरानं मागचं चाक काढून ब्रेकचे शू दाखवले. लायनरचा खरखरीतपणा जाऊन ते काचेसारखे चकचकीत झाले होते. "कुठं घातली होती गाडी, मॅडम?"

सांगितलं.

"परत जायचं आहे का तिकडं? मग पॉलिश मारून भागणार नाही. दोन्ही चाकांचे नवे टाकावे लागतील."

टाका म्हटलं, मेमध्ये जायचं आहे.