दिल्लीचा आठवडा आणि आमची ओसरी

गेल्या मार्गशीर्षांत वरूडास आमच्या ओसरीवर एक लहानसा वाद झाला. आळींतील एका लग्नास खासदार आले नाहींत, म्हणून काका रागावले होते. "मतें मागावयास दारोदार फिरले, आणि आतां दिल्लीस जाऊन बसले!" असें ते म्हणाले. तों माजघराच्या दारांतून वहिनी हळूच म्हणाल्या, "मामंजी, दिल्लीस बसावें म्हणूनच ना आपण त्यांना धाडलें?" काका गप्प झाले. पण खासदार दिल्लीस नेमकें काय करितात, हें आमच्यापैकीं कोणासहि सांगतां येईना. घरांत चार पदवीधर असून ही गत! तेव्हां लोकसभेच्या कामकाजाची माहिती आम्हीं मिळविली. तिच्यांतील मुख्य भाग वाचकांपुढें ठेवीत आहों.

वरूड तालुका अमरावती जिल्ह्यांतला खरा. पण तो मोर्शी विधानसभा मतदारसंघांत मोडतो, आणि तो मतदारसंघ लोकसभेकरितां वर्ध्यास जोडलेला आहे. म्हणजे वर्धा नदीच्या दोन्ही तीरांचीं गाऱ्हाणीं एकाच सभासदास दिल्लीस न्यावीं लागतात.

अधिवेशन चालूं असतां सभागृह सोमवारपासून शुक्रवारपर्यंत भरतें. सकाळीं अकरा वाजतां प्रश्नोत्तरांचा तास सुरू होतो. कोणत्या खात्यास कोणत्या वारीं प्रश्न विचारावयाचे, हें आधींच ठरलेलें असतें. तारांकित प्रश्नास मंत्री उभे राहून उत्तर देतात व त्यावर उपप्रश्न विचारतां येतो; अतारांकित प्रश्नाचें उत्तर लेखी मिळतें. एका दिवसाच्या यादींत तारांकित प्रश्न अवघे २०, आणि सभागृहांतील जागा ५४३! कोणाचा प्रश्न वर यावा, हें सोडतीनें ठरतें. बारा वाजतां शून्य प्रहर. त्यांत तातडीचें गाऱ्हाणें थोडक्यांत मांडावयाचें. दुपारीं विधेयकें व अंदाजपत्रकांतील मागण्या. शुक्रवारचे अखेरचे अडीच तास खासगी सभासदांचीं विधेयकें व ठराव यांकरितां राखलेले असतात.

परंतु बारकाईचें काम समित्यांत चालतें. निरनिराळ्या खात्यांवर देखरेख ठेवणाऱ्या २४ स्थायी समित्या आहेत. प्रत्येकींत ३१ सभासद, त्यांपैकीं २१ लोकसभेचे व १० राज्यसभेचे. तेथें खात्याच्या अधिकाऱ्यांस बोलावून पैसा कोठें व कसा खर्च झाला, हें विचारलें जातें. या बैठकी बंद दाराआड होतात. म्हणून तेथें खपणाऱ्या सभासदाची वार्ता गांवापर्यंत पोंचत नाहीं.

शुक्रवारीं सायंकाळीं परतीची गाडी. शनिवार-रविवार मतदारसंघाचे: कोठें रस्त्याचें उद्घाटन, कोठें बारसें, कोठें तेरावें. शिवाय स्थानिक विकासनिधीचे वर्षाचे ५ कोटी रुपये कोणत्या कामांस द्यावे, याची शिफारस करावयाची. तें काम पार पाडणें जिल्हा प्रशासनाच्या हातीं असतें, हें पुष्कळांस ठाऊकच नसतें. आणि सोमवारीं अकराच्या आंत पुन्हां दिल्लीस हजर!

वऱ्हाडास ही वारी नवी नाहीं. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे व यवतमाळचे बापूजी अणे हे परकी अमदानींत मध्यवर्ती कायदेमंडळांत बसत. तेव्हां तें हिवाळ्यांत दिल्लीस व उन्हाळ्यांत सिमल्यास भरे. पुढें पापळ गांवच्या शेतकऱ्याचे चिरंजीव डॉ. पंजाबराव देशमुख घटना समितींत गेले, १९५२ पासून तीन वेळां अमरावतीहून लोकसभेवर निवडून आले, दहा वर्षें केंद्रांत कृषिखात्याचे मंत्री होते, आणि १९६५ सालीं दिल्लीसच निवर्तले. त्यांनीं किती लग्नांस हजेरी लाविली, याचा हिशेब आज कोणी मागत नाहीं. १९५५ सालीं त्यांनीं स्थापन केलेल्या भारत कृषक समाजाचें नांव मात्र निघतें.

आतां आमचीच एक चूक सांगावयाची आहे. वरूडचा संसार संत्र्यावर चालतो. बांगलादेशानें संत्र्यावरील आयात कर २०१९ ते २०२३ या चार वर्षांत चौपटीहून अधिक वाढविला, आणि आमच्या आंबिया बहाराचें गिऱ्हाईक आटलें. फळ झाडावर असतांना, डिसेंबरांत, काकांनीं खासदारांस एक लांबलचक पत्र लिहिलें. भाषा मोठी करुण होती. पण आंकडा एकहि नव्हता. नियम वाचल्यावर कळलें कीं, लोकसभेंत प्रश्न विचारावयाचा तर निदान पूर्ण पंधरा दिवस आधीं सूचना द्यावी लागते, आणि एका दिवसाकरितां एका सभासदास पांचांहून अधिक सूचना देतां येत नाहींत. पत्र पोंचलें तेव्हां अधिवेशन संपावयास आठवडा उरला होता. राग खासदारांवर काढला, पण उशीर आमचा होता.

म्हणून यंदा आम्हीं आधींच एक कागद तयार केला. तीन वर्षांत बगीचा काय भावानें गेला, तें काकांनीं लिहिलें. विहिरीचें पाणी कोणत्या महिन्यांत किती खालीं गेलें, तें वहिनींनीं आपल्या वहींतून काढून दिलें. वरूडच्या भूगर्भांतील उपसा भरण्याहून अधिक होतो, हें सरकारी अहवाल सांगतातच. पण एका घराची वही जवळ असली म्हणजे उपप्रश्न नेमका विचारतां येतो. हा कागद अधिवेशनाच्या महिनाभर आधीं जावयाचा आहे.

सभासदांस मोकळें सोडावें, असें आमचें म्हणणें नाहीं. कोणत्या सभासदानें काय विचारलें व मंत्र्यांनीं काय उत्तर दिलें, तें लोकसभा स्वतः प्रसिद्ध करिते. घरांतील शिकलेल्या मुलांनीं तें काढून रात्रीं जेवणानंतर वडीलधाऱ्यांस वाचून दाखवावें. ज्यानें कांहींच विचारलें नाहीं, त्यास पुढील निवडणुकींत अवश्य जाब विचारावा. पण तो लग्नांच्या हजेरीवरून नव्हे.

परवां पुन्हां एक लग्नपत्रिका आली. काकांनीं ती पाहिली आणि मुहूर्ताचा वार मोजून ते म्हणाले, "बुधवार आहे, त्यांना बोलावूं नका." वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, पदराआड हंसल्या मात्र.