चूक सुधारणारा कायदा, चूक झाकणारा कायदा

पुणे महापालिकेने 2017 साली पाणीपुरवठा योजनेसाठी कर्जरोखे विकून 200 कोटी रुपये उभे केले. असे रोखे घेणारा पालिकेच्या उत्पन्नाचा हिशेब पाहतो, तितक्याच बारकाईने कागदपत्रेही पाहतो. ठराव योग्य सभेत झाला का, सूचना मुदतीत निघाली का, या किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नांवर त्याच्या पैशाची सुरक्षितता अवलंबून असते. एखादी तारीख चुकल्याने पुढे सगळा व्यवहारच न्यायालयात रद्द होणार असेल, तर पालिकेला कर्ज द्यायला पुढे कोण येईल?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने यावर काढलेला तोडगा काहीसा गमतीचा आहे. तेथील विधिमंडळ दरवर्षी विधिग्राह्यीकरणाचे एक नव्हे, तीन कायदे संमत करते. नगरपालिका, जिल्हे, शाळामंडळे यांच्या निर्णयांतील आणि कर्जरोख्यांतील तांत्रिक त्रुटी त्यामुळे दूर झाल्या असे मानले जाते. मात्र लबाडी, भ्रष्टाचार आणि घटनाबाह्य कृत्य यांना हे संरक्षण मिळत नाही. कारकुनाची चूक क्षम्य, कारभाऱ्याची लबाडी नव्हे, असा हा सरळ हिशेब.

आपल्याकडेही असे कायदे नवे नाहीत. भडोच नगरपालिकेचा खटला तर या विषयातील आद्य धडाच मानला जातो. 1925च्या मुंबई नगरपालिका कायद्यात घरे व जमिनी यांवर ‘रेट’, म्हणजे पट्टी, बसवण्याचा अधिकार होता. भडोच पालिकेने ती गिरण्यांच्या भांडवली मूल्यावर बसवली. 1963 साली अहमदाबादच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की ‘रेट’ या शब्दाला वार्षिक भाडेमूल्यावरील पट्टी असा निश्चित अर्थ आहे. भांडवली मूल्यावर ती बसवता येणार नाही. केवळ एका शब्दापायी पालिकांची वसुली बेकायदा ठरण्याची वेळ आली! गुजरात विधानसभेने त्याच वर्षी कायदा करून जुनी आकारणी वैध ठरवली आणि गिरणीमालकांनी त्या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले.

1969 साली सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने तो कायदा उचलून धरला, पण एक कसोटी घालून दिली. न्यायालयाचा निर्णय बंधनकारक नाही, असे विधिमंडळाने नुसते म्हणून भागणार नाही. ज्या दोषामुळे तो निर्णय झाला तो दोषच मुळातून दूर झाला पाहिजे. बदललेल्या कायद्यापुढे तोच निर्णय देता आला नसता, अशी स्थिती निर्माण झाली पाहिजे.

ही कसोटी किती मोलाची होती ते सहा वर्षांतच दिसले. 12 जून 1975 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. पुढे आणीबाणी आली, विरोधी नेते तुरुंगात गेले आणि ऑगस्टमध्ये 39वी घटनादुरुस्ती झाली. पंतप्रधानांची निवडणूक वैधच आहे आणि तिच्याविरुद्धचा निकाल शून्यवत आहे, असे तिच्यातील एका कलमाने जाहीर केले. त्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. तरीही निवडणूक टिकली, कारण निवडणूक कायद्याची व्याख्याच सरकारने भूतलक्षी प्रभावाने बदलून ठेवली होती. उमेदवार नेमका केव्हा उमेदवार ठरतो, सरकारी अधिकाऱ्याचे साहाय्य कशाला म्हणावे, हे खेळ संपल्यावर ठरले! कसोटीचे शब्द पाळले गेले. न्याय पाळला गेला का, हा प्रश्न उरलाच. कारण येथे चूक दुरुस्त होत होती ती पालिकेच्या कारकुनाची नव्हे, खुद्द कायदा करणाऱ्यांच्या नेत्याची.

आर्थिक व्यवहारांतही हेच. व्होडाफोन कंपनीने जानेवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकलेला करदावा सरकारने त्याच वर्षी कायदा बदलून उलटवला आणि तो बदल थेट 1962 पासून लागू केला. हा काही अनवधानाने राहून गेलेला शिक्का नव्हता. नऊ वर्षे परदेशी गुंतवणूकदारांच्या तोंडी तोच विषय होता. 2020 साली आंतरराष्ट्रीय लवादातही भारत सरकार हरले आणि अखेर ऑगस्ट 2021 मध्ये संसदेने ती भूतलक्षी तरतूद मागे घेतली, वसूल केलेली रक्कम व्याजाविना परत करण्याची तयारी दाखवली.

पालिकांच्या कर्जरोख्यांचा बाजार आपल्याकडे आता कुठे वाढतो आहे. अहमदाबादने 1998 साली राज्य सरकारच्या हमीविना ते काढले, पुण्यानंतर पिंपरी-चिंचवडही 2023 साली या बाजारात उतरली. त्यांच्या कागदांतही त्रुटी राहणारच आणि त्या सावरण्यासाठी विधेयकेही येतील. अशा विधेयकात कॅलिफोर्नियातल्याप्रमाणे लबाडी व भ्रष्टाचार वगळणारे वाक्य आहे की नाही, हे आमदारांनी मतदानापूर्वी वाचून पाहायला हवे. विधेयके वाचली जातात का, हा वेगळ्या अग्रलेखाचा विषय आहे.