उजेड हातापाशी हवा

होळी झाली की आमच्या घरातली एक खिडकी जाते. तिच्यात कूलर बसतो आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत तिथून हटत नाही. दुसऱ्या खिडकीला जाड पडदा, गॅलरीला हिरवी जाळी. नवतपा लागला, पारा ४५ च्या पुढे गेला की सकाळी दहालाच दारं-खिडक्या लावून घ्याव्या लागतात. बाहेर डोळे उघडवत नाहीत इतकं ऊन, आणि घरात भरदुपारी तिन्हीसांज. नागपूरकरांना हे सांगायला नको.

नेमकी हीच वेळ बायकांच्या हातात सुई येण्याची. जेवणं झाली, ओटा पुसून झाला, संध्याकाळच्या चहाला अवकाश आहे. मीही गेली चाळीस वर्षं दोन ते पाच या वेळातच क्रोशा विणत आले. शाळेत नोकरीला होते तेव्हा सुट्टीत, निवृत्त झाल्यापासून रोज. आणि चाळीस वर्षं एकच वाक्य ऐकत आले, "लाइट कशाला लावून राहिली? झोपू दे ना थोडं." म्हणणाऱ्याचंही चूक नाही. उन्हातून आलेल्या माणसाला अंधार हवासा वाटतो. मग आपण खुर्ची ओढून दाराच्या फटीशी बसायचं, पडद्याखालून येणाऱ्या वीतभर उजेडात टाके मोजायचे. माझ्या ओळखीतल्या बहुतेक बायका अशाच बसतात.

गेल्या मे महिन्यात मी काळी शाल विणायला घेतली. भाचीला काळीच हवी होती. काळ्या लोकरीत टाका दिसत नाही, बोटाने चाचपावा लागतो. विसाव्या ओळीच्या आसपास एक खांब दोन घरांत मिळून ओढला गेला आणि ते लक्षात आलं नऊ ओळी पुढे गेल्यावर. नऊ ओळी उसवल्या. त्या दिवशी मला रडू आलं. उसवण्याचं वाईट वाटत नाही, ते विणण्याचाच भाग आहे. वाईट याचं वाटलं की हात चुकला नव्हता, डोळ्यांनी दगा दिला होता.

भाचीला फोनवर सांगितलं तर आठवड्यात पुण्याहून तिने दिव्याची सुई पाठवली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. नेहमीच्या क्रोशाच्या सुईसारखीच, पण पारदर्शक प्लॅस्टिकची. मूठ जाडसर, तिच्यात बटणाएवढा सेल आणि तांदळाच्या दाण्याएवढा दिवा. बटण दाबलं की उजेड मुठीतून निघतो आणि दांडीच्या आतल्या आत आपटत पुढे सरकतो. गुळगुळीत कडेतून तो फारसा बाहेर पडत नाही. टोकाला आकड्याची खाच आली की तिथे सांडतो. इंटरनेटच्या काचेच्या तारांमधून उजेड जातो तो याच नियमाने. कुणाच्या सुईत सेल असतो, कुणाची मोबाइलसारखी चार्ज होते.

पण तिचा खरा उपयोग हातात घेतल्यावर कळतो. छतावरच्या ट्यूबलाइटचा उजेड वरून किंवा मागून येतो. आपण मान खाली घालून विणायला बसलो की आपल्याच डोक्याची, आपल्याच हाताची सावली नेमकी टाक्यावर पडते. दिवा मोठा केला तर सावली आणखी गडद होते. ही सुई मात्र टाक्याच्या घरात शिरते आणि आतून उजेड करते. ज्या फाशातून लोकर ओढायची तो फासाच कंदिलाच्या काचेसारखा दिसायला लागतो. काळ्या लोकरीचे दोन पदर वेगळे दिसले तेव्हा मी काम थांबवून नुसती बघत राहिले. शाल जूनच्या पहिल्या आठवड्यात पुरी झाली, पुन्हा एकदाही उसवावी लागली नाही.

घरी आलेल्या एका बाईंनी सुई पाहिली आणि म्हणाल्या, "पोट्ट्यांचं खेळणं आहे जी हे. एवढं दिसत नाही तर विणायचंच कशाला?" हा प्रश्न मला फार लागला, म्हणूनच हा लेख. चष्म्याला आपण खेळणं म्हणत नाही. पेपर वाचणाऱ्या आजोबांना कुणी विचारत नाही, की दिसत नाही तर वाचायचं कशाला. त्यांच्या खुर्चीशेजारी घरचे दिवा आणून लावतात. हातकामाचं मात्र असं नाही. ते उरलेल्या वेळात करायचं, उरलेल्या जागेत करायचं आणि उरलेल्या उजेडात करायचं, असं आपल्या घरांनी ठरवूनच टाकलंय.

माझ्या आईचं हेच झालं. आम्ही नागपूरच्या महाल भागात वाड्यात राहत होतो. तिन्हीसांजेला सुई हातात धरायची नाही, लक्ष्मी जाते, असं आजी सांगायची. दिवेलागणीला आई निमूट सुई खाली ठेवायची. त्या वेळी ना धड दिवस, ना धड दिवा. कुणाचं तरी बोट सुईने फुटलं असेल, कुणाची तरी सुई अंथरुणात हरवली असेल, त्यातून हा नियम आला असावा असं मला वाटतं. पण नियमाने तिची संध्याकाळ घेतली आणि बदल्यात दिली ती रात्र. सगळे झोपले की ती बोळात पाटावर बसायची. खोलीत दिवा लावला तर आजोबांची झोप मोडेल. बोळातला ४० वॉटचा पिवळा बल्ब तिच्या पाठीमागे, पुढ्यात तिचीच सावली, त्या सावलीत पांढरा दोरा. माझ्या रुखवतात मांडलेला टेबलक्लॉथ तिने तिथे विणला.

दुसऱ्या देशांतही सुईकाम करणाऱ्या बायकांना उजेड विकत घ्यावाच लागला. इंग्लंडमध्ये लेस विणणाऱ्या बायका हिवाळ्याच्या रात्री एका मेणबत्तीभोवती गोल बसत. मेणबत्तीच्या चहूबाजूंनी पाण्याने भरलेले काचेचे गोळे ठेवलेले असत. प्रत्येक गोळा भिंगासारखा उजेड गोळा करून एकेकीच्या हातावर नेमका टाकी. एका मेणबत्तीचा खर्च साऱ्याजणींत वाटला जाई. मेणबत्तीजवळची जागा कुणाची, मागची कुणाची, हेही ठरलेलं असे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. त्या बायका गरीब होत्या, पण हातावर उजेड पडला पाहिजे ही गरज त्यांच्यात उघड मान्य होती. तिच्यासाठी त्यांनी मेणबत्ती आणि गोळे ठेवायला स्टूल घडवलं होतं, गोळे फुंकून घेतले होते.

आपल्याकडे ही गरज वयाबरोबर वाढते आणि आपण ती वयाच्याच नावाने खपवतो. चाळिशीनंतर डोळ्याचं भिंग ताठर होतं, हे आपल्याला माहीत असतं. चष्म्यालाच आपण चाळिशी म्हणतो. पण नुसता चष्मा पुरत नाही. वय वाढतं तशी बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळसर होतं. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणजे सुनेला ज्या दिव्यात लख्ख दिसतं, त्याच दिव्यात सासू अंधारात बसलेली असते. काळा आणि गडद निळा रंग ओळखू येईनासा होतो तो यामुळेच. मंद उजेडात काम केल्याने डोळे कायमचे जात नाहीत, असं डॉक्टर सांगतात आणि ते खरं आहे. पण डोळे शिणतात, कपाळ ठणकतं, मान वाकून वाकून आखडते. रोजच्या रोज हे होऊ लागलं की बाई एक दिवस सुई ठेवून देते आणि लोक म्हणतात, वय झालं.

कायद्याने ही गरज कारखान्यापुरती कधीच मान्य केली होती. १९४८ साली कारखाना कायदा झाला तेव्हा त्यात कलम १७ खास उजेडाचं घातलं गेलं. कामगार जिथे काम करतात त्या प्रत्येक भागात पुरेसा आणि योग्य उजेड हवा, एवढंच ते म्हणत नव्हतं. डोळ्यांवर ताण येईल अशी सावली पडू नये यासाठी व्यवस्था करा, असंही म्हणत होतं. सावलीचा विचार करणारा कायदा आपण स्वातंत्र्यानंतर साधारण वर्षभराने केला. पण घरी बसून पैशासाठी काम करणाऱ्या बाईच्या हातावर कसला उजेड पडतो, ते बघायला कुणी येत नाही. घरबसल्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये करार केला. आपल्या देशाने तो अजून मान्य केलेला नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई साड्यांना फॉल लावते. मशीनवर पिको होतो, फॉल मात्र हातानेच. साडीचा रंग, फॉलचा रंग, दोऱ्याचा रंग, तिन्ही एकच, कारण टाका दिसता कामा नये हीच त्या कामाची खुबी. लग्नसराईत जांभळ्या, मोरपंखी, काळपट हिरव्या साड्यांचे ढीग येतात आणि रात्री अकरानंतर ती ते काम करते. मी माझी सुई कौतुकाने तिला दाखवायला नेली. तिने ती उलटसुलट फिरवून पाहिली आणि म्हणाली, "मावशी, छान आहे, पण हिला नाकं कुठे आहे? दोरा कुठून ओवू?"

तिचं बरोबर होतं. दिव्याची सुई जाड लोकरीच्या कामाची. माझ्या संचात सर्वांत बारीक सुई २.५ मिलिमीटरची आहे. आपल्या आयांनी रुमाल, तोरणं, टेबलक्लॉथ विणले ते मिलिमीटरच्या आसपासच्या पोलादी सुईने, आणि पोलादातून उजेड जात नाही. त्या कामाला, फॉलला, काजबटणाला वेगळा उजेड लागतो. आम्ही दोघींनी मिळून एक गळ्यात अडकवायचा दिवा आणला, दोन्ही टोकांना वाकवता येणारे दिवे असलेला. आता तो तिच्याकडेच असतो. दोन्ही बाजूंनी उजेड आला की सावली पडत नाही.

सुईची एक धोक्याची बाजूही सांगायला हवी, कारण आपल्याकडे विणणाऱ्या आजीच्या मांडीशी नातवंडं असतात. मुठीतला बटणासारखा सेल लहान मुलाने गिळला तर अन्ननलिकेत दोन तासांत भाजल्यासारखी जखम होऊ शकते. मुठीचं झाकण स्क्रूने बंद होणारंच घ्यावं. सेल बदलताना जुना सेल टेबलावर ठेवू नये, आणि मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठावा.

तरीही ही सुई घ्या, असंच मी सांगेन. पावसाळ्यात यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी पाच रात्री दवाखान्यात होते. रात्री दहाला वॉर्डातले दिवे गेले. शेजारच्या खाटांवर माणसं झोपलेली, सलाईनचे थेंब मोजत बसायचं आणि काळजी करायची, एवढंच काम उरतं. मी पिशवीतून सुई काढली. कुणाच्याही डोळ्यावर तिरीप जाणार नाही इतकाच उजेड, हातापुरता. साखळी, मुका खांब, पुन्हा साखळी. तिसऱ्या रात्री समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या आजी कुशीवर वळून बघत होत्या. मला वाटलं, उजेडाचा त्रास होतोय. म्हटलं, बंद करू का? त्या म्हणाल्या, "नको माय, राहू दे. तेवढंच जागं कुणी तरी आहे असं वाटते." विदर्भ एक्स्प्रेसमध्येही आता मी रात्री दहानंतर विणते आणि वरच्या बर्थवरून कुणी ओरडत नाही.

पण दवाखाना आणि रेल्वे ही दुसऱ्यांची जागा. तिथे अंधार सोसावा लागतो, तिथे ही सुई खरी सोबत आहे. आपल्या स्वतःच्या घरात, भरदुपारी, तीच सुई देऊन आपण बाईला अंधारातच बसवणार असू, तर ते मला पटत नाही. फ्लॅट घेताना टीव्हीचा पॉइंट कुठे, एसीचा कुठे, मोबाइल उशाशी चार्ज करायचा पॉइंट कुठे, हे आपण इलेक्ट्रिशियनला बोट दाखवून सांगतो. आई दुपारी कुठे बसते, आणि तिच्या हातावर उजेड कुठून पडतो, हे विचारणारं घर मी तरी अजून पाहिलेलं नाही. ९ वॉटचा एलईडी बल्ब आता महाग राहिलेला नाही. २०१५ मध्ये उजाला योजना आली आणि आता तो गल्लीतल्या किराणा दुकानातही मिळतो. लागतो तो एक पॉइंट, एक वाकणारा दिवा आणि एक खुर्ची, जी कुणी हलवणार नाही.

आमच्या घरी दिवाळीच्या आधी रंग झाला तेव्हा मी ते करून घेतलं. इलेक्ट्रिशियन मुलगा पेन्सिल घेऊन उभा होता, "काकू, कुठे मारू?" मी त्याला थांबवलं. खुर्ची कूलरच्या खिडकीपाशी, नेहमीच्या जागी ठेवली, बसले, आईचा टेबलक्लॉथ मांडीवर घेतला आणि सुई हातात धरली. त्याला म्हटलं, "डाव्या खांद्यावरून येऊ दे, आता माझ्या हातावर सावली पडते का बघ." त्याने मोबाइलचा टॉर्च वर, खाली, पुढे, मागे धरून पाहिला. एका जागी सावली गेली. तिथे त्याने फुली मारली.

त्या उजेडात टेबलक्लॉथच्या कोपऱ्यातला विणलेला अननस मला पहिल्यांदा नीट दिसला. बाकीच्या सगळ्या अननसांना बारा खांब आहेत, त्याला अकरा. पुढच्या ओळीत आईने एक साखळी जास्त घालून ते भरून काढलंय.