घरातला पडदा : कमला खानचा खेळ

मे महिन्यात भाचा दुबईहून वेळणेश्वरला आला, तो प्लेस्टेशन घेऊनच. बाहेर आंबे उतरवायचे पडले होते आणि मुलं सगळी टीव्हीसमोर. रागावायलाच आत गेले, तर पडद्यावर वडिलांबरोबर आलेली एक मुलगी आपल्या आवडत्या वीरांना बघायला धावत होती. नाव कमला खान. वडिलांचं नाव युसूफ. मी दारातच थांबले.

‘मार्व्हल्स ॲव्हेंजर्स’ हा खेळ सप्टेंबर २०२० मध्ये आला. क्रिस्टल डायनॅमिक्सने बनवलेला, स्क्वेअर एनिक्सने बाजारात आणलेला. कमला न्यू जर्सीतल्या पाकिस्तानी घरातली. कॉमिक्समध्ये तिला घडवणाऱ्यांत संपादिका सना अमानत आणि लेखिका जी. विलो विल्सन, दोघीही मुस्लिम. म्हणून असेल, पण तिचं घर खोटं वाटत नाही.

खेळाचं बळ तिच्यातच आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या मोठ्या दुर्घटनेचा ठपका वीरांवर येतो, ते पांगतात. पाच वर्षांनी खऱ्या दोषींचा पुरावा कमलाच्या हाती लागतो आणि हल्कपासून सुरुवात करून ती एकेकाला परत गोळा करते. आयर्न मॅन, थोर यांच्यामागे तिला शोभेपुरती उभी केलेली नाही. हात लांबवून, मुठी घराएवढ्या करून ती लढते तेव्हा माझी तेरा वर्षांची लेक अक्षरशः उड्या मारत होती. मारामारी भरपूर आहे, बरीचशी यंत्रमानवांशी. अमेरिकेत हा खेळ तेरा वर्षांपुढच्या मुलांसाठी ठरवला आहे आणि ते योग्यच वाटतं.

ही कथा दहा-बारा तासांत संपते आणि मग रडकथा सुरू होते. त्याच त्या प्रयोगशाळा, तेच शत्रू, थोडे जास्त आकडे असलेलं चिलखत मिळवायला पुन्हा तीच मोहीम. वर पोशाखांचं दुकान. दुकानात फक्त दिखाऊ वस्तू विकू, असं कंपनीने सांगितलं होतं. २०२१ मध्ये मात्र पातळी लवकर वाढवणाऱ्या वस्तू पैशांना विकायला काढल्या आणि खेळाडू खवळल्यावर मागे घेतल्या. मार्च २०२३ मध्ये शेवटची भर पडली, तेव्हा दुकानातले पोशाख सगळ्यांना फुकट झाले. आधी पैसे मोजलेल्यांचं काय, विचारू नका. ३० सप्टेंबर २०२३ ला ऑनलाइन विक्रीही थांबली. ज्यांच्याकडे आहे त्यांना अजून खेळता येतो.

जुनी डिस्क कोणाकडून मिळाली तर मुलांना कथा जरूर खेळू द्या, जमलं तर शेजारी बसा. पुढच्या मोहिमा चौघांपर्यंत मिळून खेळता येतात, पण इंटरनेटवर त्या चौघांत अनोळखी माणसंही येतात, एवढं ध्यानात असू द्या.

“खाला, अजून एकच लेव्हल!” भाचा रात्री अकरा वाजताही तेच म्हणत होता. लेकीला लेव्हलशी देणंघेणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कथा पुन्हा पहिल्यापासून लावली.