स्पेलिंगला भिऊ नका, टॅब दाबा



विहारातील अभ्यासिकेला कोणी जुना संगणक दान दिला, तर त्यावर उबुंटू ही विनामूल्य प्रणाली घालता येते. परंतु टर्मिनलमध्ये इंग्रजीत आदेश लिहायची वेळ आली की आपली मुले बिचकतात. एक अक्षर चुकले तरी आदेश चालत नाही. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला वाटते, हे आपले काम नव्हे. हा न्यूनगंड घालवणारी कळ कीबोर्डवरच आहे, डाव्या बाजूला. तिचे नाव टॅब.

उबुंटूत सॉफ्टवेअर बसवण्याचे व काढण्याचे काम 'एपीटी' करते. त्याला टॅबची साथ मिळण्यासाठी 'बॅश-कम्प्लीशन' हे पॅकेज लागते. पुष्कळदा ते आधीच असते. नसल्यास इंटरनेट जोडून, इंग्रजी अक्षरांत 'सुडो एपीटी इन्स्टॉल बॅश-कम्प्लीशन' असा आदेश द्यावा. नंतर टर्मिनल बंद करून पुन्हा उघडावे. झाले!

समजा, लिब्रेऑफिसचे मेनू मराठीतून हवे आहेत. त्या पॅकेजचे नाव 'लिब्रेऑफिस-एल१०एन-एमआर'. 'लोकलायझेशन' या इंग्रजी शब्दातील पहिले व शेवटचे अक्षर ठेवून मधल्या १० अक्षरांऐवजी आकडा घातला आहे. हे पाठ कोण करणार? 'सुडो एपीटी इन्स्टॉल लिब्रेऑफ' एवढे लिहून टॅब दाबा, शब्द पुरा होतो. पुढे '-एल१०एन-एम' लिहून टॅब दोनदा दाबा. मल्याळम, मराठी अशा भाषांच्या पॅकेजांची नावे समोर येतात. आपले निवडा.

मात्र संगणकाने सुचवले म्हणून लगेच एंटर दाबू नका. 'रिमूव्ह' लिहून टॅब दाबल्यास बसवलेल्या पॅकेजांची नावे येतात. त्यातले 'पायथन३' काढायला निघालात, तर त्यावर विसंबलेली कितीतरी पॅकेजेही जातील. अशा वेळी एपीटी यादी दाखवून संमती विचारते. ती यादी शेवटपर्यंत वाचा. कोणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण इथेही उपयोगी पडते.

पाठांतराच्या कुंपणाआड ज्ञान कोंडून ठेवल्याचा जाच आपल्या पिढ्यांनी सोसला आहे. येथे पहिली चार अक्षरे येणाऱ्यालाही पुढचा रस्ता दिसतो. कार्यकर्त्यांनी येत्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास काढून अभ्यासिकेतील प्रत्येक संगणकावर एवढे करून द्यावे. कीबोर्डसमोर आधी मुलींना बसवावे.

नमो बुद्धाय!