मरणाची तयारी धडधाकट असतानाच

२१ एप्रिल २०२५ रोजी, पुनरुत्थानाच्या सणाच्या दुसऱ्याच दिवशी, पोप फ्रान्सिस यांना वयाच्या ८८ व्या वर्षी देवाज्ञा झाली. आदल्याच दिवशी त्यांनी संत पेत्र महामंदिराच्या सज्जातून जगाला आशीर्वाद दिला होता. त्यापूर्वी ते ३८ दिवस रोमच्या जेमेल्ली रुग्णालयात होते. ६ मार्चला तेथून त्यांनी पाठविलेला आभाराचा ध्वनिमुद्रित संदेश चौकात प्रार्थनेसाठी जमलेल्या भाविकांनी ऐकला. आवाज क्षीण होता, धाप स्पष्ट ऐकू येत होती. ती लपविण्याची गरज त्यांना वाटली नाही.

ही निर्भयता एका दिवसात आलेली नव्हती. २९ जून २०२२ च्या मृत्युपत्रात त्यांनी जमिनीतील साधी कबर आणि तिच्यावर केवळ ‘फ्रान्सिस्कुस’ हे नाव एवढेच मागितले. जीवनाच्या अखेरच्या पर्वात वाट्याला आलेले दुःख त्यांनी जगातील शांतीसाठी प्रभूला अर्पण केले. २०२४ मध्ये पोपच्या अंत्यविधीची पद्धतही त्यांनी साधी केली.

आपल्या घरांत मात्र मरणाचा विषय अशुभ मानला जातो. आज अनेकांचा अखेरचा श्वास अतिदक्षता विभागात जातो आणि उपचार कोठवर चालवायचे, हा निर्णय भांबावलेल्या मुलांवर येऊन पडतो. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क व उपचारांविषयीचे इच्छापत्र मान्य केले. २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ झाली. ख्रिस्तसभेची शिकवण येथे जाणून घेतली पाहिजे. दयामरण तिला मान्य नाही. तथापि, ज्यांचा उपयोग उरलेला नाही आणि जे केवळ भार वाढवितात, असे उपचार नाकारता येतात. अन्न, पाणी व शुश्रूषा ही मात्र रुग्णाची साधी सेवा असून ती सहसा थांबवू नये.

हीच टाळाटाळ संस्काराच्या बाबतीतही दिसते. रुग्णाभ्यंग केवळ मरणासन्नांसाठी नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच सांगितले. आजारपणामुळे वा वार्धक्यामुळे जिवाला धोका निर्माण होऊ लागला, की तो घेण्याची वेळ आलेली असते. तरीही शुद्ध हरपल्यानंतरच धर्मगुरूंना बोलावणे जाते. रुग्णाला पापनिवेदन करता येत नाही, क्षमा मागता येत नाही. प्रार्थनेला ‘आमेन’ म्हणणेही त्याच्या हाती उरत नाही.

मरणाची जाणीव ठेवणारा माणूस भावाशी समेट उद्यावर ढकलीत नाही. आध्यात्मिक नूतनीकरणाचा आरंभ येथेच होतो. २ नोव्हेंबरला आपण आप्तांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. त्या संध्याकाळी घरी परतल्यावर आपल्या अखेरच्या इच्छा मुलांना सांगाव्यात आणि ज्याच्याशी अबोला आहे, त्याचे दार ठोठवावे.